हरवलेल्या तारांचा शोध : कोथरूडची एक लूना आणि इतिहासाची पद्धत

१/ वाचकहो, आजच्या धाग्याचा विषय किल्ला नाही, ताम्रपट नाही, की बखरही नाही. विषय आहे कोथरूडमधील एका सोसायटीच्या वाहनतळात पंचवीसहून अधिक वर्षे उभी असलेली एक लूना आणि तिच्या हरवलेल्या तीन केबली. ज्या वस्तूविषयी कागद उरलेला नाही, तिचा इतिहास कसा वाचावा, हे या तीन केबलींनी मला शिकवले. धागा दीर्घ आहे, सावकाश वाचावा.

२/ प्रसंग साधा होता. सोसायटीने वाहनतळातील बेवारस वाहने महिनाअखेर भंगारात देण्याचे ठरवले. त्या यादीत तळमजल्यावरील काकूंची लूना होती. काकू निवृत्त शिक्षिका, वय ब्याऐंशी. त्या मला म्हणाल्या, “अरे, तू ते जुन्या गोष्टींचं वाचतोस ना? जाण्याआधी एकदा तिचा आवाज ऐकव मला. मग ने म्हणावं कुठे न्यायची ती.” मी होकार दिला आणि फसलो.

३/ फसलो अशासाठी, की इंजिन फिरत होते, टाकी गंजली असली तरी साफ होण्याजोगी होती. पण हँडलवरून खाली जाणाऱ्या केबलींपैकी केवळ ॲक्सिलरेटरची एक शिल्लक होती. उजवीकडचा लिव्हर मोकळा, डावीकडचा मोकळा, आणि डावीकडेच असलेला एक बोटभर लहान लिव्हर, तोही मोकळा. कोणता लिव्हर कशासाठी? त्यांच्या केबली कोठून कोठे जात? सूचनापुस्तिका कधीच रद्दीत गेलेली.

४/ शोधाकडे वळण्यापूर्वी थोडी पार्श्वभूमी. लूना १९७२ साली बाजारात आली. हस्तीमल फिरोदिया यांच्या किनेटिक इंजिनिअरिंगने ती आणली. अरुण फिरोदिया यांचे नाव तिच्याशी कायमचे जोडले गेले. इटलीच्या पियाज्यो कंपनीने १९६७ मध्ये काढलेल्या ‘चाओ’ या मोपेडवर ती बेतलेली होती. ५० सीसीचे दोन-स्ट्रोक इंजिन, पायडल, आणि सायकलसारखा हलका सांगाडा.

५/ ‘मोपेड’ हा शब्दच मुळी मोटर आणि पेडल यांच्या जोडणीतून स्वीडिश भाषेत १९५० च्या दशकात तयार झाला. म्हणजे ही सायकलच, फक्त मोटर लावलेली. सायकलींचे शहर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पुण्याला असे वाहन परके वाटण्याचे कारण नव्हते. सायकलवरून उतरलेला माणूस लूनेवर बसला, तर त्याला नवे असे फार थोडे शिकावे लागे.

६/ त्या काळी स्कूटर घेणे म्हणजे नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहणे. परवाना-पद्धतीमुळे किती गाड्या बनवायच्या, हेही कारखान्याला सरकारकडून ठरवून घ्यावे लागे. आकुर्डीच्या बजाज ऑटोचा पियाज्योशी असलेला करार १९७१ मध्ये संपला, तरी स्कूटरची मागणी पुरवठ्याच्या कितीतरी पुढे होती. १९७३ च्या अखेरीस जगभर खनिज तेल महागले. कमी पेट्रोल पिणाऱ्या छोट्या गाडीला याहून अनुकूल काळ कोणता असणार?

७/ आणखी एक गोष्ट. लूनेला गिअर नव्हते. साडी नेसून चालवता येईल, उभी करताना जड जाणार नाही, अशी ही गाडी होती. शाळेत, बँकेत, टपाल कचेरीत नोकरीला जाणाऱ्या असंख्य स्त्रियांनी आयुष्यातील पहिले यांत्रिक वाहन चालवले, ते हे. काकू त्यांपैकी एक. १९८१ मध्ये त्यांनी ही गाडी स्वतःच्या पगारातून घेतली आणि कोथरूडहून सदाशिव पेठेतील शाळेत त्या रोज तिच्यावरून जात.

८/ तेव्हाचे कोथरूड आजचे नव्हे. कर्वे रस्ता संपत आला की वस्ती विरळ होई. कारखाने मात्र होते. किर्लोस्कर कमिन्सचा डिझेल इंजिनांचा कारखाना १९६० च्या दशकातच येथे उभा राहिला. गॅसच्या रेग्युलेटरसाठी घरोघरी ठाऊक झालेल्या ‘वनाझ’ कंपनीचे नाव आज मेट्रोच्या स्थानकाला आहे. मार्च २०२२ मध्ये पुण्यातील मेट्रोचे जे दोन टप्पे सर्वप्रथम सुरू झाले, त्यांपैकी एक याच वनाझहून गरवारे महाविद्यालयापर्यंत धावू लागला.

९/ आता केबलीकडे. गाडीच्या ब्रेकला, ॲक्सिलरेटरला जी केबल असते तिचे शास्त्रीय नाव ‘बोडेन केबल’. अर्नेस्ट मॉनिंग्टन बोडेन या आयरिश गृहस्थाने १८९६ साली लंडनमध्ये तिचे पेटंट घेतले. रॅले सायकल कंपनीचे संस्थापक फ्रँक बोडेन हे निराळे. आडनाव एकच असल्याने अनेक जण या शोधाचे श्रेय त्यांना देऊन मोकळे होतात. नामसाम्याने इतिहासात किती घोटाळे होतात, हे आपणांस सांगायला नकोच.

१०/ बोडेन केबलची युक्ती समजून घ्या, कारण पुढचा सारा शोध तिच्यावर उभा आहे. आत पोलादी तारांचा पीळ, म्हणजे ‘इनर’. बाहेर घट्ट गुंडाळलेल्या स्प्रिंगसारखी नळी, म्हणजे ‘आऊटर’. लिव्हर दाबला की इनर ओढली जाते. पण ओढ लागताच केबल सरळ होऊ पाहते. तिला वळणातच धरून ठेवण्याचे काम आऊटर करते. आत जितकी ओढ, बाहेर तितकाच दाब. दोन्ही मिळूनच ती काम करते.

११/ याचा अर्थ असा, की प्रत्येक केबल गाडीवर किमान चार खुणा सोडून जाते. इनर जिथे अडकते ती दोन टोके : एक लिव्हरमध्ये, दुसरे यंत्राच्या दांड्यावर. आणि आऊटर जिथे टेकते ते दोन टेकू : एक वर, एक खाली. केबल नाहीशी झाली तरी हे चार बिंदू धातूत घडवलेले असतात. ते सहसा नाहीसे होत नाहीत.

१२/ म्हणून पहिले काम : गाडीवरील सर्व बेवारस टोके मोजणे. मी वही घेतली आणि प्रत्येक रिकामे छिद्र, खोबण, कान आणि टेकू यांची नोंद केली. स्पीडोमीटरची केबल यात धरायची नाही. ती ओढत नाही, स्वतःभोवती फिरते, त्यामुळे तिची टोके वेगळ्या घडणीची असतात. उरलेल्या टोकांच्या जोड्या लावायच्या. जोडी जुळली नाही, तर काहीतरी चुकले आहे किंवा कोणीतरी काहीतरी बदलले आहे.

१३/ येथे माझी पहिली चूक झाली. डावीकडचा मोठा लिव्हर पाहून मी त्याला क्लचचा लिव्हर ठरवले. माझी स्वतःची मोटारसायकल गिअरची. डावा हात म्हणजे क्लच, हे माझ्या बोटांना पाठ. मग क्लचच्या केबलीचे दुसरे टोक कोठे, हे शोधण्यात मी चार संध्याकाळी घालवल्या. इंजिनवर तसा दांडाच सापडेना. मी मनाशी म्हटले, तोही हरवला असणार.

१४/ तो हरवला नव्हता. तो कधी नव्हताच. लूनेचा क्लच केंद्रोत्सारी असतो : इंजिनाचा वेग वाढला की आतील वजने आपोआप बाहेर फेकली जातात आणि चाकाला गती मिळते. हाताने चालवायचा क्लच नाही, म्हणून त्याची केबलही नाही. डावीकडचा लिव्हर मागच्या ब्रेकचा होता. सायकलवाल्या माणसाला हे क्षणात उमगले असते. मला चार दिवस लागले.

१५/ ही चूक इतिहासाच्या विद्यार्थ्याची नेहमीची आहे. आपण आपल्या काळाची सवय जुन्या काळावर लादतो आणि मग तेथे जे नव्हतेच, ते ‘नष्ट झाले’ असे मानतो. तेव्हा पहिला नियम लिहून ठेवा : एखादी गोष्ट हरवली आहे असे म्हणण्यापूर्वी ती कधी होती का, हे सिद्ध करावे लागते.

१६/ आता मागचा ब्रेक. मागच्या चाकाच्या ब्रेकच्या दांड्यावर बारीक स्क्रूखाली तारेचा बोटभर तुकडा अजून अडकलेला होता. त्याचे टोक पिंजारलेल्या केसांसारखे होते. काही तारा गंजून बारीक झालेल्या, काही ताणून तुटलेल्या. म्हणजे ही केबल कोणी काढली नाही. ती उभ्या गाडीत गंजली आणि कधीतरी लिव्हर दाबला जाताच तुटली. हे पहिले ‘नाही’ : झिजून गेलेले.

१७/ पुढच्या ब्रेकची गोष्ट वेगळी. तेथे तारेचा मागमूस नव्हता. पण चाकाच्या ब्रेकप्लेटवर आऊटर टेकण्यासाठी जे छिद्र असते, ते निळ्या रंगाने बुजलेले होते. रंग आत साचून खडा झाला होता. गाडी मूळची लाल. निळा रंग नंतर मारलेला. आऊटर त्या छिद्रात बसलेली असती, तर रंग आत शिरलाच नसता.

१८/ निष्कर्ष स्पष्ट आहे : गाडी निळी झाली त्या दिवशी पुढच्या ब्रेकची केबल आधीच काढलेली होती. पुरातत्त्वात हेच चालते. वरचा थर अखंड असेल, तर त्याखालील घटना त्या थराच्या आधीची. थराची तारीख कळली की खालच्या घटनेला ‘याच्या अलीकडे नाही’ अशी सीमा मिळते. उत्खननात माती जे सांगते, ते येथे रंगाने सांगितले.

१९/ मी काकूंना विचारले. त्या म्हणाल्या, “छे रे, रंग आधी दिला. वायर नंतर तुटली.” आता एका बाजूला चालवणारीची स्मृती, दुसऱ्या बाजूला रंगाने भरलेले छिद्र. कोणाचे खरे मानायचे? मी वाद घातला नाही. घरात काही कागद आहे का, एवढेच विचारले. काकूंनी कपाटातून खर्चाच्या वह्या काढल्या. १९७० पासूनच्या. सलग.

२०/ अस्सल पुणेरी घरातील खर्चाची वही हे किती मोठे साधन आहे, याची कल्पना ती हाती घेतल्यावरच येते. दूध, किराणा, वर्तमानपत्र, रॉकेल, आणि मधूनमधून ‘लूना’. राजवाड्यांनी दप्तरांसाठी महाराष्ट्र पायाखाली घातला. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले, ते अशाच विखुरलेल्या कागदांच्या काळजीपोटी. त्यातल्या अनेक कागदांवरही शेवटी हिशेबच होते.

२१/ वही म्हणाली : १९८७ च्या फेब्रुवारीत ‘लूना – पुढचा ब्रेक काढला’. त्याच वर्षी दिवाळीपूर्वी ‘लूना – रंग’. नोंद पाहताच काकूंना आठवले. ओल्या रस्त्यावर पुढचा ब्रेक जोरात दाबला गेला, चाक घसरले, कोपर सोलपटले. यजमानांनी दुसऱ्याच दिवशी ती केबल काढून टाकायला लावली. हे दुसरे ‘नाही’ : मुद्दाम काढलेले, भीतीपोटी.

२२/ यंत्रशास्त्राच्या दृष्टीने तो निर्णय चुकीचा होता. ब्रेक लावताना भार पुढच्या चाकाकडे सरकतो, म्हणून थांबवण्याची अधिक ताकद पुढच्याच ब्रेकमध्ये असते. पण आपले काम त्या गृहस्थांना गुण देण्याचे नाही. लोक यंत्र वापरताना ते आपल्या भीतीप्रमाणे, गरजेप्रमाणे बदलतात, आणि तो बदल यंत्राच्या अंगावर लिहिला जातो. कारखान्यातून निघालेली गाडी आणि रस्त्यावर जगलेली गाडी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

२३/ उरला तो लहान लिव्हर. त्याच्या खोबणीत निपल, म्हणजे तारेच्या टोकावरचा धातूचा मणी, अजून बसलेला होता, आणि त्याच्यापुढे तार सपाट कापलेली होती. पिंजारलेली नाही, गंजून तुटलेली नाही. पक्कडीने एका झटक्यात कापलेली. हा लिव्हर कशाचा? ब्रेक दोन, ते झाले. ॲक्सिलरेटर जागेवर. मग चौथी केबल कशासाठी?

२४/ बेवारस टोकांच्या यादीत एक जागा बिनजोडीची राहिली होती : सिलिंडरच्या डोक्यावर, म्हणजे हेडवर, स्पार्क प्लगशेजारी. तेथे एक बोल्ट घट्ट बसवलेला होता. बाकीच्या बोल्टांपेक्षा त्याचे डोके वेगळ्या मापाचे. तो काही धरूनही ठेवत नव्हता. नुसते छिद्र बुजवत होता. त्याच्याशेजारी आऊटर टेकण्याचा रिकामा कान होता.

२५/ ती डीकॉम्प्रेशनची जागा होती. मोपेड पायडल मारून सुरू करावी लागते. सिलिंडरमध्ये कोंडलेली हवा पायाला विरोध करते. म्हणून हेडवर एक छोटी झडप असते. लहान लिव्हर दाबला की झडप उघडते, हवा बाहेर निघते, पायडल हलके फिरते. वेग आला की लिव्हर सोडायचा, झडप मिटते आणि इंजिन पेट घेते. गाडी बंद करतानाही हीच झडप उघडता येते.

२६/ दुसरा पुरावा हँडलवरच होता. तेथे गाडीच्या घडणीशी न जुळणारे एक बटण स्क्रूने बसवलेले होते आणि त्याची पिवळी तार चिकटपट्टीने सांगाड्याला बांधलेली होती. इंजिन बंद करण्याचे बटण. ते नंतर का लावावे लागले? कारण आधी ज्या लिव्हरने इंजिन बंद होई, तो निकामी केला गेला होता. वेगळ्या मापाचा बोल्ट, कापलेली तार आणि परके बटण, हे तीन साक्षीदार एकच गोष्ट सांगत होते.

२७/ घटना अशी असावी. झडप जुनी झाली की नीट मिटत नाही; कॉम्प्रेशन गळते आणि गाडीची ओढ कमी होते. नवी झडप बसवण्याऐवजी कोणा कारागिराने छिद्रच बोल्टने बुजवले, तार कापली आणि बंद करण्यासाठी बटण लावले. ओढ परत आली असणार, तक्रार मिटली असणार. हे तिसरे ‘नाही’ : सोयीसाठी बळी दिलेले.

२८/ पण त्या दुरुस्तीची किंमत कोणी मोजली? मी पुन्हा वह्या उघडल्या. १९९४ च्या जूनमध्ये नोंद होती : ‘लूना – हेड काम, बोल्ट, बटण’. त्यापूर्वीच्या वर्षी पेट्रोलच्या नोंदी महिन्याला तीन-चार. जूननंतर दोन. दिवाळीनंतर एक. १९९५ च्या मार्चमध्ये शेवटची. एप्रिलपासून त्या जागी दुसरीच नोंद सुरू होते : ‘बस पास’.

२९/ मी काकूंना विचारले, “तुम्ही गाडी सोडलीत ती का?” त्या म्हणाल्या, “वय झालं रे. बावन्न-त्रेपन्नची असेन. पायडल मारून मारून दम लागायचा, सुरूच व्हायची नाही. घरातले म्हणाले, आता पुरे. मलाही वाटलं, पायांतली शक्तीच गेली.” तीस वर्षे त्यांनी स्वतःची ही हकिकत अशीच सांगितली होती, आणि तीस वर्षे ती खरी मानली होती.

३०/ येथे सावध राहायला हवे. आधी ते घडले, मग हे घडले, एवढ्यावरून कारण सिद्ध होत नाही. मुलाने गिअरविरहित, बटणावर सुरू होणारी किनेटिक होंडा घेतली, म्हणून लूना मागे पडली असेल का? वही म्हणते, ती १९९६ मध्ये आली; म्हणजे लूना सुटल्यानंतर. शाळा बदलली का? नाही. आजारपण? औषधांच्या नोंदी तशा नाहीत. पर्याय एकेक करून गळाले. तरीही प्रयोग करणे भाग होते.

३१/ केबली बनवण्याची रीत थोडक्यात सांगतो. कोणास उपयोगी पडेल. सुतळी किंवा मऊ तार घेऊन वरच्या टेकूपासून खालच्या टेकूपर्यंत मूळ वाटेने न्यावी. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहावे. जिथे सर्वांत जास्त लांबी लागते, ती आऊटरची लांबी. इनरची लांबी म्हणजे त्यात दोन्ही टोकांचा मोकळा भाग मिळवून. आऊटर आणि इनर यांच्यातला हा फरक चुकला, तर केबल कितीही चांगली असो, ती निरुपयोगी.

३२/ मूळ वाट कशी ओळखावी? सांगाड्यावर जिथे केबल वर्षानुवर्षे घासली, तेथे रंग झिजून चकाकणारी रेघ उमटलेली असते. जिथे ती पट्टीखाली दबली, तेथे जुना रंग ताजा राहतो. निपलचा आकार लिव्हरच्या खोबणीवरून कळतो : कोठे पिंपासारखी आडवी, कोठे पेरूसारखी. आणि एक ताकीद : ब्रेकच्या केबलीला स्क्रूने आवळायची तात्पुरती निपल लावू नका. तारा निपलमध्ये फुलवून डाख दिलेलीच हवी. ती सुटली तर जिवाशी गाठ आहे.

३३/ नाना पेठेत सुट्या भागांची दुकाने ओळीने आहेत. तेथील एका कारागिराने माझी मापे पाहून तिन्ही केबली तयार करून दिल्या. झडपेसाठी मंगळवार पेठेतील जुन्या बाजारात दोन रविवार घालवले. शेवटी एका निकामी इंजिनाचे अख्खे हेडच विकत घेतले, कारण त्यावर झडप शाबूत होती. निळ्या रंगाने बुजलेले छिद्र उघडण्यापूर्वी त्याची छायाचित्रे काढली. पुरावा नष्ट करणे अपरिहार्य असेल, तर आधी त्याची नोंद करावी.

३४/ एक प्रश्न मात्र उरला. पुढचा ब्रेक पुन्हा जोडायचा का? काकूंच्या हयातीतली गाडी त्याच्याविना आठ वर्षे चालली. तोही तिचा इतिहासच. अखेर मी तो जोडला, कारण उद्या कोणी गाडी चालवली तर त्याचा जीव इतिहासाहून मोठा आहे. निळा रंग तसाच ठेवला. ते परके बटणही काढले नाही. जी गाडी जगली, ती दिसली पाहिजे.

३५/ मग प्रयोग. गाडी मुख्य स्टँडवर, मी पायडलवर. लिव्हर न दाबता पायडल मारले; कोंडलेल्या हवेने पाय जागीच अडवला. सारे अंग टाकले तेव्हा कुठे अर्धा फेरा. मी एकोणतीस वर्षांचा आहे. चार प्रयत्नांत मला घाम फुटला. काकू जिन्याच्या पायरीवर बसून पाहत होत्या. त्या म्हणाल्या, “अगदी असंच व्हायचं.”

३६/ मग मी त्यांना हँडलजवळ बोलावले. लहान लिव्हर त्यांनी दाबला. त्यांच्या बोटांना तो नेमका ठाऊक होता. शोधावा लागला नाही. मी पायडल हाताने फिरवले. केवळ हाताने. ते फिरले. चाकाने वेग घेताच काकूंनी स्वतःहून लिव्हर सोडला. इंजिन खोकले, धूर आला, आणि मग तो बारीक, एकसुरी आवाज वाहनतळात घुमू लागला.

३७/ त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “म्हणजे माझे पाय नव्हते रे.” एवढेच.

३८/ इतिहासाने काय साधते, असे आपणांस अनेकदा विचारले जाते. येथे साधले ते इतकेच, की एका बाईच्या आयुष्यातील एका निर्णयाचे कारण तीस वर्षांनी दुरुस्त झाले. गेलेली वर्षे परत आली नाहीत. पण दोष वयाचा नव्हता, एका कापलेल्या तारेचा होता, हे तिला कळले. ज्यांच्याविषयी कोणी बखर लिहीत नाही, त्यांच्या बाबतीत हे थोडे नाही.

३९/ अशा वस्तू जपण्याची परंपरा पुण्याला आहे. दिनकर केळकर यांनी अडकित्ते, दिवे, दारे, भांडी जमवली, तेव्हा त्यांत इतिहास आहे असे मानणारे थोडेच होते. आज राजा केळकर संग्रहालय पाहायला जग येते. कोथरूडला लागूनच कर्वेनगरात विक्रम पेंडसे यांनी जुन्या सायकलींचे संग्रहालय उभे केले आहे. महायुद्धातील छत्रीधारी सैनिकांची घडीची सायकल तेथे पाहता येते. लूना ही या मालिकेतील अगदी अलीकडची कडी.

४०/ आणि ती कडी पूर्ण तुटलेलीही नाही. २०२४ मध्ये किनेटिकच्याच घराण्यातील कंपनीने विजेवर चालणारी ई-लूना बाजारात आणली. तिला पायडल मारून सुरू करावे लागत नाही, म्हणून डीकॉम्प्रेशनची केबलही नाही. पन्नास वर्षांनी कोणी तिच्या सांगाड्यावर त्या केबलीची जागा शोधू लागला, तर त्याला पहिला नियम आठवावा : ती हरवली नाही, ती कधी नव्हतीच.

४१/ तात्पर्य म्हणून चारच गोष्टी. एक, न सापडणारी गोष्ट कधी नव्हती, झिजली, काढली की बळी दिली गेली, हे वेगवेगळे ओळखा. दोन, वस्तू, कागद आणि स्मृती यांना एकमेकांसमोर बसवा. तीन, आपल्या आवडत्या निष्कर्षाला पर्याय शोधा आणि ते आधी तपासा. चार, दुरुस्तीपूर्वी नोंद करा.

४२/ काकूंची लूना भंगाराच्या यादीतून निघाली आहे. सध्या ती तळमजल्यावर, त्यांच्या खिडकीखाली उभी असते. आपल्याही वाहनतळात धूळ खात एखादी जुनी गाडी असेल, माळ्यावर खर्चाच्या वह्या असतील. महिनाअखेरीपूर्वी एकदा जाऊन पाहा, आणि जिने ती चालवली तिला विचारा. वह्या थांबतील, माणसे थांबतीलच असे नाही. धागा समाप्त.